मिठाचा अंदाज

इथे मालकिणीला मामा म्हणतात.
पहिल्या दिवशी हसू आवरेना मला:
मामा तर राहुरीत, सायकलवर अंडी विकतो.
आता सात वर्षं झाली, हसू येत नाही.
जाबरियातल्या या दुमजली घरात
माझा दिवस मामाच्या हाकांनी टाचलेला.

यंदा दोघींचे उपास एकाच आठवड्यात आले,
तिचा चंद्र बघून, माझा राखेच्या बुधवारी.
राख नव्हती कपाळाला. बुधवारी सुट्टी कुठली?
चर्च फक्त शुक्रवारी,
दीड ते तीन मराठीची वेळ,
आधी तमिळ मंडळी, नंतर कोरियन.
तमिळांच्या खुर्च्या अजून कोमट असतात
तेव्हा आम्ही गुडघे टेकतो,
अठरा-वीस जण: दोन नर्सा, एक क्रेनवाला,
बाकी माझ्यासारख्या,
दुसऱ्यांच्या पोरांचा वास अंगावर घेऊन आलेल्या.
वाघचौरे पाळक सांगतात, उपास मिरवू नका.
म्हणून मी केसांना तेल लावते,
ओठांना व्हॅसलिन,
आणि गप्प राहते.

गुरुवारी दुपारी हरीस रटरटत होता.
घोटून घोटून खांदा उतरलेला.
मामा दारात आली, ओठ सुकलेले,
"सुवार्ता, चाख. मीठ बघ."
घरातल्या मोठ्या माणसांत
एकच जीभ मोकळी, असा तिचा हिशेब.

वाफ नाकात.
सकाळपासून पाण्याचा घोट नाही, आईसारखाच.

आई या दिवसांतल्या शुक्रवारी
दिवेलागणीपर्यंत चूल पेटवायची नाही.
पेटवली की पिठातली पहिली मूठ
देवळाच्या मडक्यात.
आम्ही पोरं त्या मडक्यावर डोळा ठेवून.
इथलं पीठ माझं नाही, तांदूळ माझा नाही,
मूठ कशातून काढू?
रोज शंभर फिल्सचं एक नाणं
दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकते.
वाजतं. मग दाराकडे बघते.

चमचा ओठाशी नेला.
खोटं बोलायला दोनच गोष्टी लागत होत्या,
एक फुंकर आणि थोडी मान.
फुंकर मारली.
मान हलेना.

"मामा, अना साएम."
बाईनं साएमा म्हणायचं असतं.
घाईत पुरुषासारखं बोलून गेले.
"तू? तू कशी?"
मी छातीवर बोट ठेवलं, मग वर नेलं,
मग चाळीस दाखवायला
दोन्ही हातांची बोटं उघडली-मिटली, चारदा.
त्या भानगडीत चमचा फरशीवर.

ती हसली नाही. रागावलीही नाही.
चमचा उचलून धुतला,
करंगळी बुडवून जिभेच्या टोकाला लावली,
मोरीत थुंकली, दोनदा चूळ भरली.
"कमी आहे."
मी चिमूट टाकली.
"अजून."

संध्याकाळी टीव्हीवर तोफ उडाली.
माझं ताट नेहमी सगळ्यांचं आटोपल्यावर,
स्वयंपाकघरातल्या स्टुलावर.
आज तोफेपाठोपाठच दार ढकलून
धाकटा मिशारी आला,
मुठीत तीन खजूर, एक अर्धा चावलेला.
"मामानं पाठवलेत," म्हणाला,
आणि अर्ध्याकडे बघत उभाच राहिला.
तो त्याला परत दिला.
दोन मी खाल्ले, उभ्यानेच.
बिया बराच वेळ तोंडात ठेवल्या.

यावर काही बदललं, असं नाही.
सकाळी हाक नेहमीच्याच आवाजात,
इस्त्री झाली का, वरच्या खोलीचे पडदे.
आणि शुक्रवारची सुट्टी रद्द,
तिच्या माहेरची बावीस माणसं येणार होती.

दीड वाजता मी ओट्यापाशी उभी राहिले.
आता तमिळ मंडळी उठली असतील,
खुर्च्या कोमट असतील,
माझी तशीच गार होत जाईल.
गुडघे टेकायला जागा होती, वेळ नव्हता.
मोठं पातेलं, दुप्पट गहू,
कालची चिमूट आज कामाची नाही.
डोळे मिटून मूठ भरली,
जेवढी आई भरायची तेवढी,
आणि सोडली.

मामा दारातून बघत होती.
चाख म्हणाली नाही.
तिनंही चाखलं नाही.
तोफेला अजून साडेचार तास होते.